उचल फिटेपर्यंत

दिवाळीत लातूरहून मित्राचा फोन आला. त्याची दालमिल आहे, आजोबांपासूनची. ख्यालीखुशाली धड विचारून व्हायच्या आतच त्यानं सुरुवात केली, "माणूस टिकंना गेलाय बघ. सात वर्षं सांभाळलेलं पोरगं तीन हजारांसाठी चाकणला गेलं. घरच्यासारखं ठेवलं होतं रे."

या 'घरच्यासारखं'शी माझा जुना हिशेब आहे.

मीही लातुरातच अशा एका पेढीवर सहा वर्षं हिशेब लिहिले. कॉम्प्युटरवरच्या टॅलीत दाखवायचे हिशेब, गादीखालच्या वहीत खरे. मालकांना आम्ही काका म्हणायचो, मालकीणबाईंना काकू. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा काकांनी शेतातल्या बोअरचा टँकर आधी आमच्या गल्लीत उभा केला, मग स्वतःच्या दारात. हे मी विसरलेलो नाही. त्याच काकांच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस स्टेशनवरून पाहुणे आणत होतो. त्या तीन दिवसांचा पगार कापला नाही, हे काकूंनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

गेट एकच, पण आत फर्मा तीन होत्या: एक काकांच्या नावावर, एक काकूंच्या, एक धाकट्या काकांच्या. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी लागते, वीस झाली की पीएफ. म्हणून कुठल्याच रजिस्टरवर दहावा माणूस चढायचा नाही. आमचे दिवाणजी सव्वीस वर्षांनी घरी बसले. महिना सव्वीस दिवसांचा मानून दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार हा ग्रॅच्युइटीच्या कायद्याचा हिशेब धरला, तर त्यांचे पंधरा महिन्यांचे पगार निघत होते. मी कागदावर मांडून बघितलं होतं, आणि तो कागद फाडून टाकला होता. त्यांना शाल, श्रीफळ आणि एक टेबलफॅन मिळाला.

पण माणूस खरा बांधला जातो तो उचलीनं, म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेल्या पैशानं. बहिणीच्या लग्नाला मी ऐंशी हजार घेतले. कागद नाही, व्याज नाही, काकांनी ड्रॉवर उघडून दिले. महिन्याला दोन हजार कापले जायचे आणि फिटत आली की आईचं ऑपरेशन तरी निघायचं, नाहीतर घराचा पत्रा उडायचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर भाषणं होतात. पंख्याखाली बसणाऱ्या कारकुनाची उचल कुणी मोजत नाही. पगारवाढ मागितली की काका म्हणायचे, "अरे, लागले तर घेऊन जा की." उचल मागून जितकी सहज मिळायची, तितकी वाढ कधीच मिळाली नाही. वाढ दिली की ती दर महिन्याला द्यावी लागते आणि माणूस मोकळा राहतो, हे काकांना माझ्याआधी कळलं होतं.

मग पुण्याहून एमबीए करून पुतण्या आला. आठवड्याभरात चेकवर त्याच्या सह्या सुरू झाल्या आणि तो बापाच्या वयाच्या माणसांना अरे-तुरे करायला लागला. काका ऐकत होते, बोलले नाहीत. उचल फिटायची वाट न बघता मी उरलेले एकवीस हजार मेव्हण्याकडून आणून टेबलावर ठेवले. शेवटचा पगार दोन महिने अडकला. चुलत्यामार्फत निरोप आला, खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे होतं.

बायको नर्स, तिच्यामागं मी जर्मनीत आलो. स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या कारखान्यात स्टोअर्सला आहे. ही कंपनीही घरचीच: आजोबा, बाप, आता नात. वरच्या खुर्च्या घरच्यांनाच, हे इथंही आहे आणि त्याच कारणानं चांगली माणसं इथूनही जातात. शेजारच्या टेबलावरचा माणूस अकरा वर्षांनी गेला. तीन महिने आधी पत्र दिलं आणि शेवटच्या दिवशी स्वतःच केक आणला. इथं निरोपाचा खर्च जाणाऱ्यानं करायचा असतो. मालकीणबाई प्लेट हातात धरून त्याच्या कुत्र्याची चौकशी करत उभ्या होत्या. माझ्या घशाखाली तो केक लवकर उतरेना.

उगीच भुलू नये. इथं जाणाऱ्याला कामाचा लेखी दाखला मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्यात उघड वाईट लिहायची सोय नाही. म्हणून त्यांनी त्याची वेगळीच भाषा केली आहे. काम 'सदैव' समाधानकारक होतं असं लिहिलं तर ठीक. 'सदैव' गाळलं की पुढच्या मालकानं समजून घ्यायचं. आणि सहा वर्षांत मालकीणबाईंना माझं घर कुठल्या गल्लीत आहे हे ठाऊक नाही. टँकर त्या पाठवणार नाहीत. त्यांनी पाठवावा अशी वेळ येऊ नये याची सोय मात्र दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली आहे.

आपल्याकडे सध्या वाद तासांचा आहे. कुणी आठवड्याचे सत्तर तास म्हणतं, कुणी नव्वद; राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं-कार्यालयांतले रोजचे नऊ तास दहा करायला मंजुरी दिली. मला विचाराल तर मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, माणूस तासांना घाबरत नाही. सीझनला आम्ही रात्री अकरापर्यंत हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्या आहेत, भजी खात. घरचा म्हणून राबवायचं आणि वाटा, वाढ, खुर्ची निघाली की नोकर म्हणून दाराबाहेर उभं करायचं, हे मात्र त्याला सोसत नाही.

यातलं थोडंफार मी मित्राला बोललो. तो गप्प झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते जाऊ दे. आमच्या धाकट्यासाठी तिकडं काही बघतोस का? बी.ई. झालाय, चार वर्षं मिलवर बसतो, आता म्हणतोय मला नाही जमत."

"पगार किती देतोस त्याला?"

"पगार कशाचा? घरचाच आहे की तो."