डोळे मिटून जा

मोटरसायकलवर बसवायच्या जीपीएस यंत्राला सर्वांत जवळचा रस्ता कळतो, सर्वांत जलद रस्ता कळतो, टोल आणि कच्चा रस्ता टाळणेही जमते. देखणा रस्ता मात्र त्याला कळत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडे कान लावून ते तुम्ही कुठे उभे आहात हे काही मीटरांच्या फरकाने सांगते, पण तेथे उभे राहण्यासारखे काय आहे, याविषयी मौन पाळते. काही यंत्रांत वळणावळणाचा रस्ता निवडण्याची सोय असते खरी. परंतु ती केवळ वळणे मोजते, आणि त्या हिशेबात मुळशी जलाशयाकडेचा रस्ता व एखाद्या जुन्या पेठेतला बोळ यांची योग्यता सारखीच ठरते.

त्यामुळे देखणा रस्ता माणसांकडूनच मागून घ्यावा लागतो, आणि आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका या बाबतीत दानशूर आहेत. ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेसवीवरून केळशी गाठायची, असा मार्ग त्यांनी जीपीएक्स फाइल करून मला पाठवला. “फाइल टाक आणि डोळे मिटून जा,” असेही सांगितले. दुचाकीस्वाराला द्यावा असा हा सल्ला नव्हे, हे मी त्यांच्या वयाचा मान राखून मनातच ठेवले.

२००२ पासून प्रचलित असलेल्या या फाइलीत मार्ग दोन प्रकारे साठवता येतो. ‘ट्रॅक’ म्हणजे माणूस प्रत्यक्ष जेथून गेला तेथली ठिपक्याठिपक्यांची, बहुधा वेळेसकट केलेली नोंद; ‘रूट’ म्हणजे मोजकी ठिकाणे, ज्यांच्यामधला रस्ता तुमचे यंत्र आपल्या नकाशाने आणि आपल्या मर्जीने ठरवते. एकाच पत्रिकेवरून दोन ज्योतिषांनी दोन भविष्ये सांगावीत, तशी एकाच रूटवरून दोन यंत्रे दोन रस्ते काढतात. काकांनी मला रूट पाठवला होता.

माणगावपर्यंत यंत्राचे आणि काकांचे एकमत होते. ताम्हिणीत पावसाच्या थेंबांनी स्पर्शपडद्यावर परस्पर टिचक्या मारून नकाशा एकदा अरबी समुद्रात नेऊन ठेवला, एवढेच. खरा वाद बागमांडल्याला झाला. बोट धक्क्याला लागलेली, तिकीट हातात, पलीकडे वेसवी दिसते आहे, आणि यंत्रातली बाई शांतपणे गाडी मागे फिरवायला सांगते आहे. माझ्या पुतण्याने कधीतरी ‘फेरी टाळा’ या पर्यायावर खूण करून ठेवली असल्याने, आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून वळसा घातल्याखेरीज सावित्री ओलांडताच येत नाही, अशी तिची ठाम समजूत होती. खाडीच्या मध्यावरही ती तेच सांगत राहिली, तेव्हा बोटीवरचा मुलगा म्हणाला, “दादा, त्या बाईंना सांगा, आता बोट मागे नाही वळायची.”

परतल्यावर मी काकांकडे ट्रॅकच मागितला. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी तो माझ्या लॅपटॉपवर उघडू दिला. त्यानुसार काकांनी खाडी समुद्रसपाटीच्या कितीतरी मीटर खालून ओलांडली होती! फोनने उंची मोजली होती ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, आणि भारताच्या आसपास खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. त्यामुळे कागदोपत्री काका वेसवीला पाणबुडीने पोहोचले होते.

आढेवेढ्यांचे कारण मात्र ताम्हिणीत होते. तेथे एका जागी ठिपक्यांचे मोहोळ उठले होते, आणि त्यांच्या वेळा पाहता मुक्काम पाऊण तासाचा होता. डॉक्टरांनी काकांचे तळलेले पदार्थ बंद केल्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते. चहा घेऊन आलेल्या काकूंनी पडद्यावर बोट ठेवून विचारले, “हे काय?”

“घाटात सिग्नल कड्यांवर आपटून परत येतो, मग ठिपके भरकटतात,” काका म्हणाले. शास्त्रदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे.

“आणि भजीच्या टपरीपाशीच भरकटतात?” काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “पुढच्या वेळी तू यांच्या मागेच राहा. आणि ती फाइल मला पाठव. रूट नको, ट्रॅक.”