पंजाबचा धूर आणि आपल्या फडातला पाला

हिवाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. सोबत भारताचा हलता नकाशा असतो. त्यात उत्तरेकडून निघालेला लाल-तपकिरी पट्टा दख्खनवर पसरताना दिसतो. मजकूर थोडक्यात असा: "आपल्याकडची धुरकट हवा पंजाब-दिल्लीची आणि मुंबई-पुण्याची आहे, कॉम्प्युटर मॉडेलनं हे सिद्ध केलंय. आपल्या जिल्ह्यात उपग्रहाला आगीच दिसत नाहीत. उसाचा पाला तासाभरात जळतो, त्याच्या राखेचं खत होतं. जो काही धूर उरतो तो सह्याद्रीचा वारा घेऊन जातो. शेतकऱ्याला दोष देऊ नका."

शेवटचं वाक्य आम्हालाही मान्य आहे. बाकीची एकेक करून तपासू.

आधी पंजाबचा धूर. याला कॅलेंडरच उत्तर देतं. पंजाब-हरियाणात भाताचं काड जाळण्याचा जोर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो. पुढे गहू पेरायचा असतो, त्यामुळे नोव्हेंबर संपेपर्यंत शेतं मोकळी झालेली असतात. आपला गळीत हंगाम तेव्हा कुठं लागलेला असतो आणि तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. जानेवारीत संध्याकाळी संकेश्वर-हुक्केरीच्या बाजूला गाडीच्या दिव्यांच्या झोतात जो धूर तरंगतो, तो पंजाबच्या भाताच्या काडाचा असूच शकत नाही.

अंतरही बघा. लुधियाना ते बेळगाव सरळ रेषेत साधारण 1,650 किलोमीटर आहे. ताशी 18 किलोमीटरचा वारा नेमका आपल्याच दिशेनं अखंड वाहिला, तरी धुराला इथं यायला जवळपास चार दिवस लागतील. प्रत्यक्षात तिकडचा थंडीतला वारा गंगेच्या मैदानातून आग्नेयेकडे जातो आणि बराचसा धूर बंगालच्या उपसागरावर उतरतो. त्यातला काही भाग वळसा घेऊन पूर्वेकडून दख्खनवर येतो, हे खरं आहे. 1999 साली इंडोएक्स या शास्त्रज्ञांच्या मोहिमेत हिंदी महासागरावर पसरलेला तपकिरी थर मोजला गेला होता. म्हणजे धूर हजारो किलोमीटर जातो, यात वाद नाही. वाद आहे तो आपल्या नाकाशी काय पोचतं याचा.

मेसेजमधल्यासारखे बरेच नकाशे जमिनीलगतची हवा दाखवत नाहीत. जमिनीपासून वर आकाशापर्यंतच्या सगळ्या थरांची बेरीज करून एकच रंग देतात. दोन-तीन किलोमीटर उंचीवरून जाणारा धूरही त्यात लालच दिसतो, खाली हवा स्वच्छ असली तरी. म्हणून नकाशा बघताना पहिला प्रश्न हा विचारावा: हा आकडा 'पृष्ठभागाचा' आहे की 'संपूर्ण स्तंभाचा'?

आता खरा मुद्दा. खंडभराचं मॉडेल हवेचे चौकोन पाडतं. हवेचा अंदाज देणाऱ्या युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक मॉडेलमध्ये एक चौकोन साधारण 40 किलोमीटर बाजूचा असतो. बेळगाव शहर, उद्यमबागच्या फाउंड्र्या, आजूबाजूच्या वीटभट्ट्या आणि खानापूरचं जंगल हे सगळं अशा एक-दोन चौकोनांत मावतं आणि प्रत्येक चौकोनाला एका वेळी एकच आकडा मिळतो. यात काय हरवतं ते एका एकराच्या हिशेबानं पाहू.

एका एकरात साधारण साडेतीन टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, निघतं. एक किलो पाचट जळताना अंदाजे 5 ग्रॅम पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण, हवेत जातात. एकरामागे साडेसतरा किलो झाले. थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालच्या 200 मीटरात कोंडतो. गावाभोवतीच्या एक चौरस किलोमीटरात वारा पडलेला असेल, तर या एका एकरानं दर घनमीटरला सुमारे 87 मायक्रोग्रॅमची भर पडते. भारतात पीएम 2.5 साठी 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. तोच एकर दुपारी दोनला पेटवला तर हवा दीड किलोमीटर उंचीपर्यंत ढवळलेली असते आणि भर पडते 12 ची. आता हाच संध्याकाळचा धूर मॉडेलच्या 40 किलोमीटरच्या चौकोनात पसरवा: 0.05. गावात घसा खवखवतो आणि मॉडेलच्या आकड्यात काहीच हलत नाही. यात मॉडेल खोटं बोलत नाही. ते खंडाचा हिशेब मांडायला बनवलंय, गावाचा नव्हे.

"उपग्रहाला आग दिसत नाही." दिसणार कशी? आगी टिपणारे मुख्य उपग्रह दिवसा एकदा आणि रात्री एकदा डोक्यावरून जातात, त्यातला सुओमी-एनपीपी हा दुपारी दीडच्या आसपास आणि पुन्हा रात्री दीडच्या आसपास. ऊसतोड टोळी फड मोकळा करून गेली, वारा पडला, सहाला काडी लावली, सातला सगळं विझलं, तर दोन फेऱ्यांच्या मधे सगळा कारभार आटोपलेला असतो. त्याच्या चित्रातल्या एका ठिपक्याची बाजू 375 मीटर, म्हणजे साधारण 35 एकर. एक एकराची धगधगती आग त्यात कधी उमटते, धुमसणारी बहुधा नाही, आणि ढगाखालची तर नाहीच. मॉडेलमधल्या आगीचा धूर याच टिपणांवरून काढला जातो, त्यामुळे न दिसलेला एकर मॉडेलपुरता जळलेलाच नसतो.

"मोठ्या शहरांचा वाटा मॉडेलनं काढलाय." हो, काढतात, पण कसा ते समजून घ्या. मॉडेल दोनदा चालवतात: एकदा सगळे स्रोत धरून, एकदा एखादं महानगर वगळून. दोन्हींतला फरक म्हणजे त्या शहराचा वाटा. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला रसायनाचा. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड शहराच्या मध्यात ओझोन खाऊन टाकतात, म्हणून वाहनं वगळली की तिथला ओझोन कधी कधी चक्क वाढतो. दूरच्या धुराड्यातला सल्फर आणि आपल्या शेतातल्या युरियाचा, गोठ्यातला अमोनिया मिळून नवे कण बनतात. ते कण कुणाच्या खात्यावर मांडणार? म्हणून असे वाटे बेरजेत नेमके शंभर टक्के होत नाहीत. दुसरा खळगा नोंदीचा: मॉडेलच्या यादीत जे नाही किंवा कमी धरलंय, ते वगळूनही फरक दिसत नाही. कोपऱ्यावर जळणारा कचरा, गुऱ्हाळाची चूल, बेकरीचं लाकूड यांची नोंद नेहमीच कच्ची असते. उलट औष्णिक केंद्राचं धुराडं एका जागी असतं आणि कोळशाचा हिशेब कागदावर असतो, म्हणून ते मॉडेलला चांगलं दिसतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून येतो. त्या वाटेवर विजयपूर जिल्ह्यात 2,400 मेगावॉटचं कुडगी केंद्र आहे. बाहेरून येणाऱ्या कणांचा विचार करायचा तर आधी तिकडे बघायला हवं.

सह्याद्रीच्या वाऱ्याबद्दल एवढंच, की तो पावसाळ्यात येतो. थंडीच्या रात्री वारा पडतो.

बाहेरचा धूर की घरचा, हे ज्याचं त्याला तपासता येतं. जवळच्या सरकारी मोजणी केंद्राचे तासागणिक आकडे सात दिवस उतरवून काढा. रेषा संध्याकाळी सात ते दहा आणि सकाळी सहा ते नऊला चढत असेल, दुपारी दोन-तीनला उतरत असेल, तर धूर जवळचा आहे. तीन-चार दिवस रेषा दिवसरात्र वरच राहिली आणि कोल्हापूर, धारवाड, विजयपूरही बरोबरीनं चढलं, तर बाहेरून काही आलंय. घरी हवेतले कण मोजणारं लेझरचं छोटं यंत्र असेल तर शेजारी आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र धुक्यालाही धूर समजून आकडा फुगवतं.

राहिलं राखेचं खत. साडेतीन टन पाचटात साधारण 14 ते 17 किलो नत्र असतं. पेटवलं की ते जवळजवळ सगळं धुराबरोबर जातं. राखेत पालाश उरतं, म्हणून राख अगदीच वाया नाही, पण जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब जळून गेलेला असतो. न जाळता खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस, राखायचा तर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढून बुडखे मोकळे करा आणि धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. पाचटावर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणखतात मिसळून टाका. एकराला 28 किलो, 35 किलो आणि साडेतीन किलो. लगेच पाणी द्या. पाचटावर तसाच पडून राहिलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. युरिया टाळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचट कुट्टीचं यंत्र ट्रॅक्टरवर चालतं, वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते वळतही नाही. तिथं न कापता एक आड एक सरीत पाचट दाबून बसवायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडायचं.