राहत्या जागेवरून माणसाची लायकी ठरवणारे इंग्रजी शब्द

माणूस कुठे राहतो यावरून त्याला नाव देणारे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत आणि त्यांतले कितीतरी आज सरळसरळ शिव्या होऊन बसले आहेत. शब्दांच्या गमतीजमती म्हणून ही माहिती अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असते. मला तिच्यात गंमत दिसत नाही. जमीन कुणाच्या ताब्यात होती, कायदा कुणासाठी होता आणि लेखणी कुणाच्या हाती होती, याचा तो लेखी पुरावा आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

व्हिलन हा शब्द घ्या. सिनेमामुळे तो आपल्याकडे घराघरांत पोहोचला आणि खलनायक याखेरीज त्याला दुसरा काही अर्थ असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतजमिनीसकट असलेली मळ्यावरची वाडी, आणि त्या वाडीवर राहून राबणारा तो व्हिलानस. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडच्या जमिनीची आणि कुळांची जी मोजदाद करवून घेतली, त्या डूम्सडे बुकात नोंदलेल्या लोकांमध्ये सर्वांत मोठा वर्ग याच माणसांचा आहे. पुढच्या शे-दीडशे वर्षांत इंग्लंडच्या कायद्याने त्यांना पुरते जखडून टाकले. आठवड्यातले ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतात वेठ करायची, मुलीचे लग्न करायचे तर त्याच्याकडे पैसे भरायचे, आणि जमिनीवरून त्याच्याशीच तंटा झाला तर राजाच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही. सनद मिळालेल्या एखाद्या शहरात तो वर्ष आणि एक दिवस राहू शकला, तर मात्र तो मोकळा होई. माणूस तोच, हात तेच. बदलले ते फक्त राहण्याचे ठिकाण. अशा माणसाच्या नावाला आधी हलकट आणि मग दुष्ट असा अर्थ चिकटला, तो त्याने काही दुष्टपणा केला म्हणून नव्हे. त्याच्याविषयी लिहिणारे सगळे गढीतले, मठातले आणि दरबारातले होते.

बाँडेज, म्हणजे गुलामी, या शब्दाची कहाणी मला याहूनही बोलकी वाटते. आपण त्याचा संबंध सहजच बांधण्याशी लावतो, पण त्याचे मूळ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या बोंदी या शब्दात आहे. घर करून राहिलेला, स्वतःची शेती असलेला स्वतंत्र माणूस, एवढाच त्याचा अर्थ होता. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांच्या अमलात इंग्लंडमध्ये या वर्गाची घसरण झाली आणि त्याचे नाव गुलामीच्या गळ्यात पडले. उलट नॉर्वे आणि स्वीडनमध्ये त्याच शब्दाचे आजचे रूप साध्या शेतकऱ्यासाठी वापरले जाते. एकाच मुळाचा शब्द दोन ठिकाणी वाढला आणि जिथे माणसे वेठीला धरली गेली तिथे तो काळवंडला, यापेक्षा स्पष्ट साक्ष दुसरी कोणती हवी?

१३८१ साली इंग्लंडमधले शेतकरी उठले. लंडनबाहेरच्या मायल एंड येथे १४ जूनला दुसऱ्या रिचर्ड राजाने वेठीतून मुक्ततेचे वचन दिले आणि बंड मोडताच ते मागे घेतले. एसेक्सच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी त्याची आठवण करून द्यायला गेले, तेव्हाचे राजाचे उत्तर थॉमस वॉल्सिंगहॅम या इतिवृत्तकाराने नोंदवले आहे: तुम्ही खेडूत होता, खेडूतच आहात आणि बंधनातच राहाल. त्याच्या लॅटिन मजकुरात खेडुतासाठी रुस्तिकी हा शब्द आहे आणि बंधनासाठी चक्क बोंदागिओ. वस्तीचे वर्णन करणारे दोन्ही शब्द एकाच वाक्यात शिक्षेसारखे सुनावलेले आपल्याला इथे वाचायला मिळतात.

नेबर म्हणजे जवळ राहणारा शेतकरी आणि हजबंड म्हणजे घराचा बोंदी; हे दोन शब्द घरगुती वापरामुळे बचावले. बूर मात्र डच शेतकऱ्याचे नाव असूनही इंग्रजीत असंस्कृत माणसाचा शब्द झाला.

धर्माच्या बाबतीतही तेच घडले. पेगन म्हणजे आज ख्रिस्ती नसलेला, जुन्या देवांना मानणारा; मुळात मात्र पागुस, म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख, त्यात राहणारा. ख्रिस्ती धर्म आधी शहरांत रुजला आणि खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून हा अर्थ आला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ख्रिस्ताचा सैनिक नसलेला, बिनलष्करी माणूस, या अर्थाने तो वापरात आला. त्याच अर्थाच्या हीदन या शब्दाचा संबंध तर बहुधा हीथ, म्हणजे झुडपांच्या ओसाड माळाशी आहे. शहराकडचे शब्द मात्र चढत गेले: अर्बेन म्हणजे सुसंस्कृत, सिव्हिल म्हणजे सभ्य. पोलाइट हाही शहरवाचक असल्याचे काही जण सांगतात, पण ते बरोबर नाही. तो घासूनपुसून चकचकीत करण्याच्या क्रियापदावरून आला आहे.

सर्वांत जास्त हानी सॅव्हेज या शब्दाने केली. लॅटिन सिल्वा म्हणजे वन, त्यातला तो सिल्वाटिकस, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत तो क्रूर, हिंस्र झालेला होता. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिथल्या मूळ रहिवाशांना निर्दय सॅव्हेज म्हटले आहे. ज्या दस्तऐवजात सर्व माणसे समान जन्मतात असे लिहिले, त्याच दस्तऐवजात. याच्या शेजारी मलय भाषेतला ओरांगउटान ठेवून पाहा. त्याचा अर्थ वनातला माणूस. मलय शब्दाने वानराला माणसाचे नाव दिले आणि युरोपीय शब्दाने वनातल्या माणसाचे माणूसपण काढून घेतले. शास्त्रही यातून सुटले नाही. जीवजातींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ साली होमो सेपियन्सच्या शेजारी होमो ट्रोग्लोडायटीस, म्हणजे गुहेत राहणारा मानव, अशी एक जात प्रवाशांच्या ऐकीव वर्णनांवरून नोंदवली. असा मानव नव्हताच. पुढे ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव चिंपांझीला दिले आणि शास्त्रीय नावात ते आजही आहे, जरी चिंपांझी झोपण्यासाठी झाडावर फांद्या वाकवून रोज नवा बिछाना करतो.

मराठीलाही या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. रानटी, जंगली, खेडवळ, गावंढळ हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि नागर म्हणजे सुसंस्कृत हे आपल्याला ओघानेच पटते. घाटावरून आलेल्या, गिरण्यांत आणि गोदीत राबलेल्या माणसाला मुंबईने घाटी म्हणून हिणवले. गोव्यातही हा शब्द त्याच सुरात ऐकू येतो. तरीही आपल्याजवळ मावळा आहे. बारा मावळांच्या खोऱ्यांत राहणारा, एवढाच त्याचा अर्थ. डोंगरकपारीतल्या त्या माणसांनी शिवाजी महाराजांसोबत राज्य उभे केले आणि त्यांच्या वस्तीचे नाव मानाचे झाले. त्यामुळे अशा शब्दांची घसरण अटळ असते, हे म्हणणे मला मान्य नाही.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आणि इंग्रजी-मराठी कोश करणाऱ्या मंडळींना माझी मनापासून विनंती आहे, की व्हिलनपुढे खलनायक लिहाल तेव्हा त्याच ओळीत वेठीला बांधलेले कूळ हाही अर्थ द्यावा, आणि सॅव्हेजपुढे रानटी लिहून थांबू नये.