उंदराला टायफॉइड होत नाही

काल फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकला, टायफॉइडवर रामबाण काढा, उंदरांवर प्रयोग यशस्वी वगैरे. मी आगाऊपणा करून लिहिलं, काका, उंदराला टायफॉइड होतच नाही. झालं, ग्रुप चिडीचूप. तिथे भाषण नको म्हणून इथे लिहितेय.

तर टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, हा फक्त माणसाचा. साध्या उंदराला पाजला तरी उंदीर मजेत. म्हणून लॅबमध्ये त्याचा चुलतभाऊ टायफीम्युरियम वापरतात, तो उंदराला टायफॉइडसारखा अख्ख्या अंगभर आजारी पाडतो, आणि माणसाच्या पोटात गेला तर बहुतेक वेळा नुसते जुलाब! म्हणजे टायफॉइडबद्दल आपल्याला जे माहितीय त्यातलं बरंचसं दुसऱ्याच जंतूकडून उसनं घेतलेलंय. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही, पण उसनं आहे हे बातमीत कोण सांगतं?

मी एमएस्सीला असताना ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम केलंय, पिंजऱ्यातला भुसा बदलण्यापासून सगळं, त्यामुळे "हे प्रयोग बंदच करा" म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. तरी माझं भांडण वेगळंय. प्राणी का वापरला यापेक्षा हाच का वापरला, हे आधी विचारा ना.

कॉलराचंच बघा. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख 1883 च्या शेवटी कलकत्त्याला आला, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पेशंटांच्या आतड्यात सापडला, पण प्राण्यांना काही केल्या कॉलरा होईना. कॉलरा या जंतूमुळेच होतो हे न मानणाऱ्या विरोधकांना आयतं कोलीत. पेटेनकोफर नावाच्या म्युनिकच्या म्हाताऱ्या प्रोफेसरने तर 1892 मध्ये जंतूचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, पिऊन दाखवलं, थोडे जुलाब झाले आणि वाचला, धन्य!

पुढे कितीतरी वर्षं लोक जंतू रक्तात टोच, पोटाच्या पोकळीत टोच, असंच करत राहिले. मग त्याच कलकत्त्यात शंभुनाथ डे या डॉक्टरने साधा विचार केला की आजार आतड्याचा आहे ना, मग जंतू आतड्यातच सोडू. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा आतल्या आतच दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा, त्यात जंतू टोचायचे, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडायचं. तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला, कॉलराच्या जुलाबात येतं तसंच तांदळाच्या पेजेसारखं पाणी! हे 1953 चं. 1959 मध्ये त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी टोचलं, तरी तेच. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि आतडं पाणी ओकतं. ससा तोच, सगळ्यांच्या हाताशी होता, फक्त प्रश्न नीट विचारला नव्हता. डे 1985 मध्ये गेले आणि आपल्या पाठ्यपुस्तकात मला तरी त्यांचं नाव कधी दिसलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आणि कधीकधी नुसतं नशीब असतं हो. 25 मे 1940 ला ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जीवघेणे जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी ते चार जिवंत, बाकीचे चार मेलेले. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर? गिनीपिगला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, नको ते वाढतात आणि तो दगावतो. कदाचित औषधच विषारी म्हणून बाजूला पडलं असतं.

आता आपल्याकडेही 2023 पासून नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या टेस्ट, चिपवर वाढवलेल्या मानवी पेशी वगैरेंना जागा मिळालीय. मस्तच. पण चिपला ताप येत नाही, तिचं अंगातलं पाणी कमी होऊन बीपी पडत नाही, त्यामुळे ॲनिमल हाऊसला लगेच कुलूप लागेल असं मला वाटत नाही. फक्त उंदीर स्वस्त आणि पटकन वाढतो म्हणून प्रत्येक रोगाला उंदीर, हे तरी थांबवा. टीबीत माणसाच्या फुप्फुसात पोकळ्या होतात, नेहमीच्या लॅबमधल्या उंदरात त्या होत नाहीत, तरी टीबीला आधी उंदीरच.

हे लिहितेय तोवर काकांचा रिप्लाय आला, "मग काढा सशाला पाजून बघायचा का?"

नाही हो काका, ससा कॉलराला.