‘सिंध्यांनी कुणापुढे हात पसरला नाही’ या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: “फाळणीनंतर सिंधी अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबई बंदरात उतरले. सरकारने त्यांना काही दिलं नाही, त्यांनीही कुणापुढे हात पसरला नाही. तरी दोन वर्षांत उल्हासनगर उभं केलं. निर्वासितांना मदत केंद्रं, शिधा, प्रशिक्षण द्या, की ते आयतखाऊ होतात. ज्याला अक्कल आहे तो दुकान काढतोच.”

यातलं कष्टांचं वर्णन खोटं नाही. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबं राहिली, पोरांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. ‘शरणार्थी’ म्हटलेलं त्या पिढीला खपत नसे, ‘पुरुषार्थी’ म्हणा असा आग्रह असे. तो त्यांचा हक्कच होता. बाकीचा मजकूर एकेक ओळ घेऊन तपासू.

“सरकारने काही दिलं नाही.” त्या बराकी कुणाच्या होत्या? दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ बांधलेली छावणी सरकारने निर्वासितांसाठी मोकळी केली. लाखाच्या आसपास माणसं तिथे राहिली. सुरुवातीला त्यांना फुकट शिधा मिळत होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथले पत्ते ‘कॅम्प नंबर १’ ते ‘कॅम्प नंबर ५’ असेच सांगितले जातात.

कायदेही झाले. धंद्याला कर्ज देण्यासाठी १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन झालं. १९५० च्या कायद्याने पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून तपासले गेले. १९५१ च्या कायद्याने जुन्या कर्जांचा बोजा हलका करायची सोय झाली आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई मिळाली. दावा जितका मोठा, तितकं भरपाईचं प्रमाण कमी, अशी चढती-उतरती पट्टी होती. घेतलेलं सरकारी कर्ज आणि थकलेलं भाडं त्या भरपाईतून वळतं होत असे. म्हणजे ही खिरापत नव्हती. पण ‘काही दिलं नाही’ असं म्हणायला यातलं बरंच खोडावं लागेल. ‘दोन वर्षांत’ हा दावाही इथेच निकालात निघतो, कारण भरपाईचा कायदाच सात वर्षांनी आला.

“अंगावरच्या कपड्यांनिशी.” काहींच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं. पण हात रिकामे असले तरी पत रिकामी नव्हती. सिंध्यांमधल्या ‘भाईबंद’ नावाच्या व्यापारी समाजाच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधीपासून सिंगापूर, हाँगकाँग, जिब्राल्टरपर्यंत पसरलेल्या होत्या. आमिल हा सिंध्यांमधला दुसरा, नोकरीपेशाचा समाज शिकलेला होता, त्यांत वकील, शिक्षक, सरकारी नोकर होते. ज्याला ओळखीचा घाऊक व्यापारी उधारीवर माल देतो, तो शून्यातून सुरुवात करत नाही. खोकं भरून माल खरेदीच्या भावात विकायचा आणि रिकामं खोकं विकून नफा कमवायचा, ही सिंधी दुकानदाराची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. खोकंभर माल आधी उधार कुणी दिला, हे कुणी विचारत नाही.

“कुणापुढे हात पसरला नाही.” परक्यांपुढे नसेल पसरला, आपल्यांचा मात्र धरला, आणि ‘सामुदायिक मदत’ म्हणतात ती हीच. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज काढलं. सिंधमधल्या हैदराबादचं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभं राहिलं. पंचायती आणि सहकारी गृहनिर्माण संस्था आल्या. या मजकुराला जी मदत केंद्रं नकोशी वाटतात, ती हेच काम करतात, फक्त ज्यांची पंचायत इथे नाही त्यांच्यासाठी.

आता शेवटचा आणि वजनदार दावा: मदतीने माणूस आयतखाऊ होतो. चुकीच्या मदतीने माणूस अडकतो, हे मान्य. फक्त त्याचं कारण आळस नसतं.

जागेचंच बघा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. जमीन दिली, पण खडकाळ, पाण्याची सोय तुटपुंजी, बाजारपेठ लांब. १९७८ मध्ये हजारो कुटुंबं सगळं सोडून पश्चिम बंगालकडे निघाली. उल्हासनगरला शेतजमीन नव्हती, पण जवळच कल्याण जंक्शन होतं. सकाळी बनवलेला माल दुपारी मुंबईत विकता येत होता.

उल्हासनगरात आजही सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं दीर्घकालीन व्हिसावर राहतात, त्यामुळे आजचं उदाहरणही तिथलंच घेऊ. बाईला शिवण शिकवायची आणि निरोपाला पायडलचं घरगुती मशीन द्यायचं, ही नेहमीची पद्धत. कॅम्प ५ मधलं काम जीन्सचं. त्याला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि मोटरवरचं औद्योगिक मशीन लागतं. आतली शिवण ‘फीड ऑफ आर्म’ नावाच्या मशीनवर होते, कोपरे ‘बारटॅक’ मशीनवर पक्के होतात. घरगुती मशीनवर चार पदरी डेनिम घातलं की सुई मोडते नाहीतर टाके सुटतात. मग मशीन विकलं जातं आणि लोक म्हणतात, “बघा, फुकटचं टिकत नाही.” त्याऐवजी ठेकेदाराच्याच कारखान्यात एका मशीनवरचं एकच काम शिकवावं. सरळ शिवण पंधरा दिवसांत जमते, पण पीस रेटवर, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीवर, घर चालेल इतका वेग यायला दोन-तीन महिने लागतात. तोवरचा खर्च धरला नसेल, तर बाई तिसऱ्या आठवड्यात धुण्याभांड्याच्या कामाला जाते, आणि तिचं काही चुकत नाही.

पापडाचंही तेच. प्रशिक्षण जूनमध्ये संपवलं, की पुढचे तीन महिने ऊन नाही, पापड वाळत नाहीत, पहिल्याच मालाला बुरशी येते. दिवाळीनंतर सुरू करा, भांडवल फिरायला पावसाळ्यापर्यंत वेळ मिळतो.

मदत थांबवायलाही रीत आहे. पहिला पगार झाला की शिधा बंद, असं केलं तर घर कोसळतं. पहिला पगार किराणावाल्याची उधारी फेडण्यात जातो. पीस रेटचे पैसे लॉट पास झाल्यावर मिळतात आणि ऑल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आलेल्या पीसचे कापले जातात. म्हणून कमाई सुरू झाल्यावरही शिधा तीन महिने चालू ठेवावा आणि भाड्यातला वाटा दर महिन्याला पावपावाने कमी करावा. डिपॉझिट मात्र सुरुवातीलाच पूर्ण भरावं. अर्ध्या डिपॉझिटवर घर मिळत नाही, आणि परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवावी लागते हे कळल्यावर घरमालक आधीच कचरलेला असतो. त्याच्यासोबत बसून ती माहिती भरून देणं हे मदत केंद्राचं अर्ध्या तासाचं काम, पण त्यावर घर मिळणं अवलंबून असतं. शाळेचं त्यापेक्षा सोपं आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याची प्रत सोबत न्यावी, वाद लवकर मिटतो.

राहिलं “ज्याला अक्कल आहे तो दुकान काढतोच.” काढतो, पण कुणाच्या नावावर? पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातल्या अल्पसंख्याक समाजांच्या दीर्घकालीन व्हिसाधारकांना बँक खातं, पॅन, आधार आणि राहण्यापुरतं घर व स्वयंरोजगारापुरती जागा घेण्याची मुभा केंद्राने २०१६ मध्ये दिली. त्याच वर्षी मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार मिळाले. मुद्रा कर्ज मात्र भारतीय नागरिकालाच मिळतं. या व्हिसाधारकांपैकी पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्यांना एनआरओ प्रकारचं (एरवी अनिवासींसाठी असलेलं रुपयांतलं) एकच खातं उघडता येतं, पण छोट्या शाखेत हा नियमच पुष्कळदा कुणाला ठाऊक नसतो आणि माणूस दोन खेटे घालून नाद सोडतो. मग गाडीवर क्यूआर कोड लागतो तो चुलतभावाच्या खात्याचा. तीन वर्षं धंदा चालतो, पैसे भावाकडे जमा होतात. पुढे नागरिकत्व मिळाल्यावर हा माणूस कर्जाला जातो, बँक मागच्या वर्षाचं स्टेटमेंट मागते आणि त्याच्या नावावर एक रुपयाचाही व्यवहार निघत नाही. म्हणून शिवण, पापड, दुकान या सगळ्याच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, रिझर्व्ह बँकेच्या नियमाची प्रत घेऊन एकाने त्याच्यासोबत बँकेत जायचं असतं.