कागदाचे भोक

आज एका प्रदर्शनात माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एका मोठ्या अमूर्त चित्राकडे जेमतेम पाच सेकंद पाहिले, "यात काय आहे ते सांगा बघू" असे सोबतच्यांना विचारले आणि सगळे हसत पुढे निघून गेले. थोड्या वेळाने पुढच्या दालनात एका वृद्धेच्या व्यक्तिचित्रासमोर, स्वतःला जाणकार समजणाऱ्या दोघांनी "एवढेच करायचे तर फोटो काय वाईट?" असा शेरा मारला. तेव्हा माझा राग दुप्पट झाला, कारण दोन्ही ठिकाणी बघण्याचे कष्ट कोणीच घेतले नव्हते.

शाळेत आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा पांढऱ्या कापडावर चिनी मातीची पांढरी किटली ठेवली होती. मी तिची बाह्यरेषा काढली, आतला कागद कोरा सोडला आणि चित्र पूर्ण झाले असे समजून वही पुढे केली. सर रागावले नाहीत. त्यांनी एका जाड कागदाला वाटाण्याएवढे भोक पाडले आणि तो माझ्या डोळ्यासमोर धरून किटलीच्या सावलीकडच्या बाजूवर नेला. किटली नाहीशी झाली. उरला तो फक्त एक निळसर करडा ठिपका; कागद थोडा सरकवला की तो जांभळट होई, आणि कानाच्या आतल्या बाजूला, जिथे कापडावरचा उजेड उलटून पडत होता, तिथे चक्क पिवळा. कागद बाजूला केला की पुन्हा तीच पांढरी किटली.

मूर्त आणि अमूर्त यांवर हिरिरीने भांडणाऱ्यांना मला ते भोक दाखवावेसे वाटते. वास्तवदर्शी चित्रकाराला गाल रंगवताना "हा गाल आहे" हे विसरावे लागते, एकेक छटा त्या भोकातून पाहावी लागते आणि मग त्या सगळ्या छटांतून पुन्हा माणूस उभा करावा लागतो. त्याला नक्कल म्हणणे हे शुद्ध अज्ञान आहे. अमूर्त चित्रकार त्या भोकापाशीच थांबतो आणि करड्याशेजारी पिवळा आला की दोघांचे काय होते, हे आयुष्यभर तपासत राहतो. दोघेही एकाच जगाकडे पाहत असतात. डच चित्रकार मोंद्रियानचे १९११ चे करडे झाड आणि १९१२ चे फुललेले सफरचंदाचे झाड शेजारी ठेवून पाहा: पहिल्यात खोड आणि फांद्या अजून ओळखू येतात, दुसऱ्यात फांद्यांच्या वळणांचा ताण तेवढा मागे राहतो. झाड न पाहणाऱ्याला हे साधलेच नसते.

अमूर्ताच्या नावाखाली पोकळ कामही पुष्कळ खपते आणि त्याभोवती जड शब्दांचे धुके पसरवले जाते, हे मान्य. पण पोकळ व्यक्तिचित्रेही ढिगाने असतात, त्यांना कोणी हसत नाही.

खरी अडचण नावाची आहे. १८९६ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र कांदिन्स्कीला, पुढे अमूर्त चित्रांसाठी गाजलेल्या रशियन चित्रकाराला, ओळखता आले नाही. ती गंजी आहे हे त्याला माहितीपुस्तिकेतून कळले आणि आपल्याला ओळखता आले नाही याचे वाईटही वाटले. तरी ते चित्र त्याच्या मनातून गेले नाही, कारण नाव कळण्याआधीच त्याने रंग पाहिला होता. आपण मात्र आधी पाटी वाचतो. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायलाही तयार नसत, ते का, हे अशा वेळी समजते. किटली पांढरी असते हे मला इतके पक्के माहीत होते की ती पाहण्याची गरजच मला वाटली नव्हती.

हे लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा राग ओसरला आहे. त्यांच्या डोळ्यासमोर कोणी कागद धरला नसेल. तो धरला जाईपर्यंत मीही तेच करत होते.

दालन रिकामे झाल्यावर मी मूठ सैल करून तिच्या पोकळीतून त्या वृद्धेच्या जबड्याखालची जागा पाहिली. तिथे हिरवा होता, शेवाळी, थोडा मळकट, आणि त्याला खेटून ब्रशच्या एकाच फटकाऱ्याचा विटकरी. मग तशीच मागे गेले आणि त्या मोठ्या अमूर्त चित्रासमोर उभी राहिले. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या करड्या थराखालून, जवळजवळ तसाच हिरवा वर येत होता.