फोनवरच्या फोटोत डोळ्याचा दाब दिसत नाही

‘डोळ्याचा फोटो पाठवा, जुनी फाइल ऑनलाइन आहेच, थेंब घरबसल्या लिहून मिळतील; दवाखान्यात जायचं कशाला?’ असा संदेश सगळीकडे फिरतोय.

‘फोटो पुरतो.’ रांजणवाडीला बहुतेकदा पुरतो, लाल डोळ्याला नाही. हर्पिसच्या विषाणूची जखम कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावर) फांद्यांसारखी पसरते. फ्लोरेसिन हा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिल्याशिवाय ती सहज निसटते. तिला अ‍ॅलर्जी समजून नुसते स्टिरॉइडचे थेंब दिले की लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि जखम वाढत राहते. त्यात फोन रंग स्वतःच ‘सुधारतो’. काचबिंदूसाठी तर दाब यंत्रानेच मोजावा लागतो.

‘नजर मोबाइलवर तपासता येते.’ मोजून केली तर. 3 मीटरवरून 6/6 च्या (सामान्य नजरेच्या) ओळीतलं अक्षर 4.4 मिमी उंच हवं. स्क्रीनगणिक आकार बदलतो, म्हणून आधी बँकेचं कार्ड (रुंदी 85.6 मिमी) स्क्रीनला लावून माप जुळवायचं. दुसरा डोळा तळव्याने झाकायचा. बोटांच्या फटीतून सगळे वाचतात.

‘रेकॉर्ड ऑनलाइन, म्हणजे सगळं हाताशी.’ खरा घोळ इथेच आहे. ‘दाब 18’ एवढ्यावर काय ठरवणार? किती वाजता, कोणत्या यंत्रावर, कॉर्नियाची जाडी किती? कॉर्निया पातळ असला की दाब कमी भरतो. चष्म्याचा −2.00 / +1.00 × 90 आणि −1.00 / −1.00 × 180 हा दोन पद्धतींनी लिहिलेला एकच नंबर, पण घाईत वाचणाऱ्याला तो बदललाय असं वाटतं. ओसीटीची (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनची) पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. त्यावरून पुढच्या स्कॅनशी थरागणिक तुलना होत नाही, त्यासाठी स्कॅनची मूळ डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातली) फाइल मागावी. आणि मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी पुढे ढकलली, की मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात तो कागदावर परत उगवतो!

‘मधुमेहींचे पडदे दुरूनच तपासतात ना?’ हो, पण तिथे फंडस कॅमेरा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा) आणि शिकलेला तंत्रज्ञ असतो. प्रचलित पद्धतीत प्रत्येक डोळ्याचे 45 अंशांचे दोन फोटो घेतात: एक मॅक्युला (पडद्याचा स्पष्ट नजरेचा भाग) मध्यभागी ठेवून, एक डिस्क (डोळ्याच्या नसेचं टोक) मध्यभागी ठेवून. बाहुली बारीक असेल तर ती मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून 20–30 मिनिटं थांबतात. तरीही फोटो धूसर आला तर शेरा ‘नॉर्मल’ नव्हे, ‘वाचता येत नाही’ असा पडतो आणि रुग्णाला प्रत्यक्ष बोलावलं जातं.

अचानक नजर गेली, लखलखाट होऊन पडद्यासारखी सावली सरकली, डोळा ठणकून उलट्या झाल्या तर फोटो काढत बसू नका, थेट निघा. रसायन उडालं असेल तर मात्र आधी किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवा, मग निघा.